दुर्गादेवीच्या दुष्काळाची साक्ष

हवामान काय आजच बदलू लागले आहे, असा प्रश्न अलीकडे सुशिक्षित वर्गात मोठ्या आत्मविश्वासाने विचारला जातो. प्रश्नकर्ता अडाणी नसतो. हजार वर्षांपूर्वी युरोपची हवा उबदार होती, नॉर्वेकडील माणसे ग्रीनलंडवर वसाहत करून गुरे पाळीत होती, पुढे थंडीची शतके आली आणि लंडनची थेम्स नदी हिवाळ्यात गोठू लागली, हे त्याच्या वाचनात आलेले असते. महाराष्ट्राचा इतिहास ज्याने थोडाफार चाळला आहे तो याच्याच जोडीला दुर्गादेवीच्या दुष्काळाचा दाखला काढतो. त्या वेळी गिरण्यांची धुरांडी होती काय? मोटारी होत्या काय? नव्हत्या, तरीही पाऊस वर्षानुवर्षे पडला नाही आणि मुलूख ओस पडला. मग आज कोळसा आणि पेट्रोल यांच्या नावाने गळा काढण्याचे प्रयोजन काय? निसर्ग आपल्या लहरीने चालतो, माणसाने उगाच स्वतःला एवढे महत्त्व देऊ नये, असे म्हणून तो चहाचा पेला खाली ठेवतो.

या युक्तिवादात सांगितलेल्या घटना बहुतांशी खऱ्या आहेत, हे प्रथमच मान्य करून टाकलेले बरे. आपल्या बाजूची काही उत्साही मंडळी मध्ययुगात काही घडलेच नाही असे भासवू पाहतात, तेव्हा ती प्रतिपक्षाच्या हाती आयतेच कोलीत देतात. मध्ययुगात हवामान बदलले होते. दख्खनच्या पठारावर तर ते माणसांच्या पिढ्या गिळण्याइतके बदलले होते. परंतु साक्षीदाराला न्यायालयात आणायचे, तर त्याची संपूर्ण जबानी ऐकावी लागते. आपल्याला सोयीचे पहिले वाक्य झाले की त्याला घरी पाठवून देता येत नाही.

दुर्गादेवीचा दुष्काळ इ. स. १३९६ मध्ये सुरू झाला आणि बारा वर्षे चालला, असे ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवले आहे. हा ग्रंथ १८२६ चा, म्हणजे घटनेनंतर सव्वाचारशे वर्षांनी लिहिलेला. बारा वर्षे ही आपल्या लोककथेची आवडती संख्या आहे. रामायण-महाभारतापासून गावच्या कहाणीपर्यंत जे काही दीर्घ असते ते बहुधा बारा वर्षांचे असते. म्हणून या आकड्याला पंचांगातील आकड्याप्रमाणे धरून बसू नये. परंतु फिरिश्त्याच्या बखरीतही चौदाव्या शतकाच्या अखेरीस बहामनी राज्यात मोठा दुष्काळ पडल्याची, आणि सुलतानाने माळवा व गुजरात येथून धान्य आणण्यासाठी बैलांचे तांडे सरकारी खर्चाने चालू ठेवल्याची नोंद आहे. फिरिश्ताही दोनशे वर्षांनंतरचा. तेव्हा केवळ कागदांवर विसंबून राहिले असते, तर हा वाद इतिहास संशोधक मंडळाच्या बैठकीत रंगण्यापलीकडे गेला नसता.

गेल्या काही दशकांत मात्र कागदाखेरीज दुसरे साक्षीदार उभे राहिले आहेत. बस्तरमधील कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. तिच्या छतातून झिरपणाऱ्या पाण्यातील चुना थेंबाथेंबाने साचून जमिनीवर खांबासारखे स्तंभ वाढतात. ज्या वर्षी पावसाळा जोरकस असतो त्या वर्षीच्या थरातील प्राणवायूच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण वेगळे, अवर्षणाच्या वर्षीचे वेगळे. युरेनियम आणि थोरियम यांच्या प्रमाणावरून त्या थरांचे वय काढता येते. अशा एका स्तंभावरून सहाव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे नऊशे वर्षांच्या पावसाची जी नोंद २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत नवव्या ते तेराव्या शतकाचा काळ एकंदरीने बरा दिसतो, आणि चौदाव्या शतकात व पंधराव्याच्या पूर्वार्धात पावसाळा पुनःपुन्हा आणि दीर्घकाळ दुर्बळ झालेला दिसतो. दुर्गादेवीचा दुष्काळ या पडत्या काळाच्या बरोबर मध्यावर येतो. आशियातील तीनशेहून अधिक ठिकाणच्या वृक्षांच्या वार्षिक कड्यांवरून इ. स. १३०० पासूनचा जो दुष्काळांचा नकाशासंग्रह २०१० मध्ये तयार झाला, त्यातूनही मोसमी वाऱ्यांच्या प्रदेशात दशकभर चालणारी अवर्षणे पूर्वी येऊन गेली, हे स्पष्ट झाले. कंबोडियातील अंकोरचे वैभव ओसरले त्याच काळात व्हिएतनामच्या डोंगरांतील जुन्या झाडांची कडी बारीक झालेली आढळली. आपल्या पाषाण येथील उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांनीही केरळमधील सागाच्या कड्यांवरून ५२३ वर्षांची नोंद तयार केली आहे. तिच्यात पावसाच्या तुटीचा आणि पॅसिफिक महासागरातील एल निनोचा संबंध दिसतो.

हे सर्व साक्षीदार एका सुरात बोलतात असे मात्र नाही. लोणारच्या सरोवराच्या तळातील गाळाचा जो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून सहाशे वर्षांपूर्वीपर्यंतचा एक लांबलचक कोरडा कालखंड दिसतो. म्हणजे बस्तरची गुहा ज्या काळाला सुकाळ म्हणते, त्यातील बराचसा काळ लोणारचा गाळ कोरडा ठरवतो, आणि दुर्गादेवीच्या सुमारास लोणारचा कोरडा काळ उलट संपत आलेला असतो. देवगिरीचे यादव याच वादग्रस्त काळातले. त्यांची मंदिरे, त्यांची दाने आणि अल्लाउद्दिनाने १२९६ मध्ये नेलेली लूट पाहता त्यांचा मुलूख दरिद्री होता असे म्हणवत नाही. बाजरी हेमाडपंताने आणली ही दंतकथा खरी मानली, तर मात्र त्याला कोरडवाहू पिकाची चिंता पडली होती असे म्हणावे लागेल! थट्टा सोडून देऊ. गुहेतील थर आणि तळ्यातील गाळ यांची काळ मोजण्याची सूक्ष्मता सारखी नसते. एक काही वर्षांचा फरक सांगतो, दुसरा शतकांचा कल सांगतो. शिवाय बस्तर म्हणजे माण-खटाव नव्हे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पाच-दहा कोसांवर पाऊस निम्मा होतो. ज्याला शास्त्रातील मतभेद म्हणजे शास्त्राचे दिवाळे वाटते, त्याने दोन साक्षीदारांच्या जबानीत तफावत आढळली म्हणून खूनच झाला नाही असे म्हणण्यासारखे आहे.

युरोपातील वादाचीही हीच तऱ्हा. ह्यूबर्ट लँब या इंग्रज हवामानशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मध्ययुगीन उष्ण कालखंडाची कल्पना साधार मांडली. त्याचा पुरावा मुख्यतः इंग्लंड आणि पश्चिम युरोपातला होता. १९९८ आणि १९९९ मध्ये मायकेल मान व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर गोलार्धाचा जो आलेख काढला, त्यात शतकानुशतके जवळजवळ आडवी रेषा आणि विसाव्या शतकात एकदम वर उसळी दिसली. त्या आकारावरून त्याला हॉकीच्या काठीचे नाव पडले. कॅनडातील दोन टीकाकारांनी त्यामागच्या सांख्यिकी पद्धतीवर आक्षेप घेतले. संख्याशास्त्राशी जन्मभर संबंध आलेला माणूस म्हणून मला त्यांतील काही आक्षेप दखलपात्र वाटतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये या प्रकरणाची छाननी केली आणि निवाडा मोठ्या सावधपणे दिला: गेल्या चारशे वर्षांत अलीकडच्या दशकांइतका उष्ण काळ झाला नाही हे खात्रीने म्हणता येते, त्यापूर्वीच्या काळाबद्दल खात्री कमी होत जाते. पुढे पुरावा वाढला. जगभरच्या सुमारे सातशे नोंदी एकत्र करून बर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की मध्ययुगातील ऊब आणि नंतरची थंडी या दोन्ही गोष्टी सर्व पृथ्वीवर एकाच वेळी कधीच आल्या नव्हत्या. इथे उबदार शतक चालू असताना तिथे थंड शतक होते. सध्याची तापमानवाढ मात्र पृथ्वीच्या ९८ टक्के पृष्ठभागावर एकसमयावच्छेदेकरून आली आहे.

आता कारणांकडे वळू. निसर्गाची लहर हे उत्तर देऊन शास्त्र थांबलेले नाही, याचा आमच्या चहावाल्या मित्रांना पत्ता नसतो. मध्ययुगातील बदलांची कारणे बऱ्याच अंशी ओळखता आली आहेत. इंडोनेशियातील लोंबोक बेटावर १२५७ मध्ये सामालास ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची धूळ आणि गंधकाचे अंश ध्रुवप्रदेशांच्या बर्फात आजही सापडतात. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावरील डाग जवळजवळ नाहीसे झाले होते. महासागरांचे आपले हेलकावे असतातच. यांपैकी कोणते कारण आज लागू पडते? सूर्याकडून येणारी उष्णता १९८० च्या सुमारापासून वाढलेली नाही, आणि तापमानाची चढण तर त्यानंतरच सर्वाधिक आहे. शिवाय सूर्य हेच कारण असते, तर वातावरणाचे वरचे आणि खालचे असे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंड होतो आहे. खाली कोणी पांघरूण घातल्याखेरीज असे घडत नाही. बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासले असता, मध्ययुगाच्या साऱ्या उलथापालथीत कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत २८० च्या आसपासच राहिले होते असे दिसते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. दुर्गादेवीच्या वेळी धुरांडी नव्हती, हे अगदी खरे. म्हणूनच त्या वेळच्या कारणांनी आजचा उलगडा होत नाही.

आणि समजा, निसर्गाच्या सूक्ष्म हालचालीनेच पूर्वी मोसमी पाऊस दशकेच्या दशके रुसत होता, तर त्यातून निश्चिंतीचा निष्कर्ष कसा निघतो? त्या काळच्या जागतिक सरासरी तापमानातील चढउतार अंशाच्या काही दशांशांचे होते. तेवढ्याने दख्खन ओस पडले. आज वाढ एक अंशाच्या पलीकडे गेली आहे. ज्या घराच्या भिंती साध्या वाऱ्याने हलतात, त्या घरातला माणूस वादळाची वार्ता ऐकून अधिक निर्धास्त होतो काय? पाषाणच्याच संस्थेतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, आणि पावसाची एकूण बेरीज मात्र वाढली नाही. खंड लांबतात आणि पाऊस आला की एकदम कोसळतो. कोरडवाहू शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

इथपर्यंतचा वाद शास्त्राचा झाला. परंतु मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो या युक्तिवादाचा वंशवृक्ष. निसर्गाला आरोपी करून राज्यकर्त्यांना सोडवण्याची ही पहिली खेप नव्हे, आणि या पापात आम्हा अर्थशास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. सीमांत उपयोगितेच्या सिद्धांताचा एक जनक म्हणून ज्याचे नाव आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवले, त्या स्टॅन्ली जेव्हन्सने १८७० च्या दशकात असे प्रतिपादन केले की व्यापारातील अरिष्टे सूर्यावरील डागांच्या चक्रामुळे येतात: डागांबरोबर पाऊसपाणी बदलते, हिंदुस्थानातील पीक बुडते, हिंदी रयत विलायती कापड घेईनाशी होते आणि लँकेशायरमध्ये मंदी येते. डागांचे चक्र आधी अकरा वर्षांचे मानत, अरिष्टांचे चक्र साडेदहा वर्षांचे निघत होते; पुढे एका ज्योतिर्विदाने डागांचे चक्रही साडेदहाच्या आसपास आणून ठेवले तेव्हा जेव्हन्सला धन्यता वाटली. भांडवलशाहीतील मंदीला भांडवलशाही जबाबदार नाही, सूर्य जबाबदार आहे! १८७७ च्या नोव्हेंबरात लॉकियर आणि हंटर या दोन विद्वानांनी लंडनच्या एका प्रतिष्ठित मासिकात सूर्यडाग आणि दुष्काळ यांवर लेख लिहिला. त्या वेळी मद्रास, म्हैसूर आणि मुंबई इलाख्यातील माणसे रस्त्यांच्या कडेला मरून पडत होती.

१८७६-७८ चे अवर्षण नैसर्गिकच होते. पॅसिफिकमधील एल निनो त्या वेळी अत्यंत प्रबळ होता हे आज निःसंशय ठरले आहे. परंतु अवर्षण चालू असता धान्याची निर्यात चालूच राहिली, ती एल निनोने केली नाही. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन दिल्लीला दरबार भरवीत होता (पुण्याचे सार्वजनिक काका त्या दरबारात खादी नेसून गेले होते, हे जाता जाता सांगावेसे वाटते), आणि त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी घटवून दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून सरकारला आकड्यांनी उत्तर दिले. महात्मा फुल्यांनी धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र उघडले. या दोन्ही गोष्टी करणाऱ्यांचे आपसात सख्य नव्हते, हे सर्वांना ठाऊक आहे. सूर्यडागांचा आधार मात्र दोघांपैकी कोणी घेतला नाही. ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांच्या वर माणसे गेल्याचे अंदाज आहेत.

मध्ययुगाकडे पुन्हा याच दृष्टीने पाहू. १६३० चे अवर्षण गुजरात आणि दख्खन येथे एकाच वेळी आले. इंग्रज कंपनीचा पीटर मंडी सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे निघाला तेव्हा वाटेवरच्या प्रेतांमुळे तंबू ठोकायला जागा मिळणे कठीण झाले होते. माळव्यात त्या वर्षी धान्य होते. वंजाऱ्यांचे तांडे ते घेऊन येतही होते. परंतु बुऱ्हाणपुरास शहाजहानची छावणी पडली होती आणि धान्याची वाट आधी तिकडे जात होती. बादशहाने लंगर उघडले, काही वसूल माफ केला, हेही दरबारी इतिहासकारांनी नमूद केले आहे. पण फौज मागे घेतली नाही. पुण्याची कथा आपल्या घरचीच आहे. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळले आणि गाढवाचा नांगर फिरवला, अशी परंपरा आहे. पाऊस गेला होताच, त्यावर ही करणी. आणि इथून आठ-नऊ कोसांवर देहूला तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा या दुष्काळात गेले. तुकोबांच्या घरी महाजनकी आणि सावकारी होती. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे चरित्रकार सांगतात. आम्ही या प्रसंगाकडे केवळ वैराग्य म्हणून पाहतो. दुष्काळ उलटल्यावर गावाच्या मानेवर जे काही शिल्लक राहते ते कर्ज, हे देहूच्या वाण्याला अर्थशास्त्राची पदवी न घेता कळले होते.

दामाजीपंतांच्या कथेचेही तेच. मंगळवेढ्याचे हे ठाणेदार पंधराव्या शतकातील, बेदरच्या सुलतानाचे नोकर. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार गोरगरिबांना लुटू दिले आणि विठोबाने महाराचे रूप घेऊन बेदरला जाऊन रक्कम भरली. चमत्काराचा भाग कीर्तनकारांकडे राहू द्यावा. परंतु जनतेने साडेपाचशे वर्षे जपून ठेवलेल्या या आठवणीत आभाळाविरुद्ध तक्रार नाही. तिच्यात दुष्काळी मुलखाच्या मध्यभागी एक भरलेले कोठार आहे आणि त्याला सरकारी कुलूप आहे. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळ धान्याच्या अभावापेक्षा धान्यावरील हक्काच्या अभावाने माणसे मारतो असे ग्रंथभर सिद्ध केले, तेव्हा पंढरीच्या वारकऱ्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

ग्रँट डफने दुर्गादेवीच्या दुष्काळाबद्दल पुढे जे लिहिले आहे ते आमचे मित्र कधीच उद्धृत करीत नाहीत. मुलूख पुन्हा वसवायला निघालेल्या बहामनी कारभाऱ्यांत दादो नरसू काळे हे एक नाव येते. गावांच्या जुन्या शिवा कोणाला आठवत नव्हत्या. नव्या आखताना दोन-दोन, तीन-तीन गावे एकत्र केली गेली. जो कसायला तयार होईल त्याला जमीन दिली गेली. पहिल्या वर्षी सारा नाही, आणि दुसऱ्या वर्षी बिघ्याला घोड्याच्या तोंडाला बांधायचा एक तोबरा भरून धान्य, एवढाच. सुलतान काही समाजवादी नव्हता. कसणारा नसेल तर तिजोरी भरत नाही, एवढा व्यवहार त्याला कळत होता. निसर्गाने मुलूख उजाड केला, पण तो पुन्हा कोणत्या अटींवर वसायचा हे माणसांनी ठरवले.

इथे एका दुसऱ्या पंथाचा समाचार घेणे भाग आहे, कारण तो पहिल्यापेक्षा अधिक सोज्वळ दिसतो. हा पंथ हवामानबदल मुळीच नाकारत नाही. उलट प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी त्याला हवामानबदलच दिसतो, विशेषतः सत्तेवर असताना. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि शहरात व आसपास वीसहून अधिक माणसे गेली. अरण्येश्वरच्या टांगेवाले कॉलनीत एका सोसायटीची भिंत वस्तीवर कोसळली. दुसऱ्या दिवसापासून ढगफुटी हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. पाऊस विलक्षण होता यात शंका नाही, आणि असे पाऊस यापुढे वाढणार आहेत. पण ओढ्याचे पात्र कोणी अरुंद केले, त्यावर बांधकामांना परवानग्या कोणी दिल्या, आणि ओढ्याच्या काठावर राहण्याची पाळी कोणत्या थरातील माणसांवर येते, या प्रश्नांना ढगाकडून उत्तर मिळत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळी हाच ओढा वळवताना पाण्याला वाट ठेवावी लागते हे कारभाऱ्यांना समजत होते. आमच्या नगररचनेला ते समजत नाही असे नव्हे. चौरस फुटाचा भाव तिला अधिक समजतो.

पहिला पंथ म्हणतो, हवामान निसर्गाने बदलते, आम्ही काय करणार? दुसरा म्हणतो, हवामान साऱ्या जगाने बदलले, आम्ही काय करणार? दोघेही शेवटी मोंढ्याच्या, कारखान्याच्या आणि मंत्रालयाच्या दारावरून वळसा घालून जातात. महाराष्ट्रात लागवडीखालील जमिनीच्या सुमारे चार टक्के क्षेत्रावर उभा असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यातला सिंहाचा वाटा पितो, हे सरकारी अहवालांतूनच पुनःपुन्हा आले आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सिंचन आयोगाने १९९९ मध्येच कमी पाण्याच्या प्रदेशात उसाला आवर घालण्याचा सल्ला दिला होता. त्यानंतर मराठवाड्यात कारखाने वाढले की कमी झाले, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

माणसाला काही करता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी १९७२ आठवावे. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरीची चव अजून जिभेवरून गेलेली नाही. अवर्षण तीन वर्षांचे होते आणि अनेक जिल्ह्यांत पीक हाती आलेच नाही. परंतु १९७३ च्या मे महिन्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती: खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. हाल अपार झाले, मजुरी तुटपुंजी होती आणि हजेरीपटावर भ्रष्टाचारही झाला. तरीही १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही, कारण काम मागणे हा भिकेचा नव्हे, हक्काचा विषय आहे असे मोर्च्यांनी सरकारकडून वदवून घेतले. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७७ च्या कायद्यात उतरली, आणि २००५ मध्ये त्याच धर्तीवर देशाचा कायदा झाला. १८७७ आणि १९७२ या दोन्ही वर्षी पॅसिफिक महासागरात एल निनोच होता.

मध्ययुगातील रयतेला एक गोष्ट मिळाली नव्हती. पाऊस येणार नाही हे तिला पेरण्या वाया गेल्यावरच कळत असे. आपली स्थिती वेगळी आहे, आणि ज्या शहरात हा लेख लिहिला जात आहे त्याचा तिच्याशी निकट संबंध आहे. वेधशाळेचा कारभार १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आला तेव्हापासून देशाच्या पावसाचे टिपण या गावात सांभाळले जात आहे. हवामान खात्याने एप्रिल २०१५ मध्ये सांगितले की यंदा पाऊस सरासरीच्या ९३ टक्के होईल. जूनच्या आरंभी तो आकडा ८८ वर आणला. प्रत्यक्षात पाऊस ८६ टक्के झाला. शास्त्राकडून याहून अधिक नेमकेपणा मागणे अन्यायाचे होईल. लातूरला पाणी घेऊन मिरजेहून पहिली रेल्वेगाडी पोहोचली ती १२ एप्रिल २०१६ रोजी, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. पहिला इशारा आणि ही गाडी यांच्यामध्ये जवळजवळ पुरे एक वर्ष गेले. त्या वर्षी मराठवाड्यातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम नेहमीप्रमाणे सुरू झाला होता.